मानाचा घोट

लहाणूकाका खुर्चीवर बसलेच नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, "बाय, ती गोळी बंद कर."

"का? त्रास होतोय?"

"गोळीचा नाय. लग्नाचा."

मागून जानकीकाकी पुढे आल्या. त्यांच्या हातात हळदीकुंकवाचं बोट लावलेली पत्रिका होती. पोरीचं, सुनंदाचं, लग्न पुढच्या रविवारी. काकींचा चेहरा इतका उजळलेला होता की बंद करायचं काय आणि चालू ठेवायचं काय हे मी क्षणभर विसरलेच. मग काका काय म्हणाले ते डोक्यात शिरलं आणि मी दोघांना आधी खाली बसवलं.

मी कासा बाजूच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. म्हणजे काउन्सेलर. लोकांना वाटतं आम्ही उपदेश करतो. उपदेश करायला घरचे असतात, शेजारी असतात, एसटीतले अनोळखी लोकही असतात. मी विचारते, ऐकते, आणि पेशंट पुन्हा प्यायला तर त्याच्यावर ओरडत नाही. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. मी रानशेतच्या बाजूचीच. आमच्या पाड्यातली पहिली ग्रॅज्युएट. पुढे समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलं. हे मला कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. आईबापांनी त्यासाठी लोकांच्या चिकूच्या वाड्यांत उन्हं काढली आहेत, मग सांगायला लाज कसली?

लहाणूकाकाही चिकूच्या वाडीतलेच. शिडी लावून चिकू उतरवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मांडव घालावा तर त्यांनीच, असंही लोक म्हणायचे. मग दारू लागली. आधी संध्याकाळी, मग सकाळीही. शिडीवरून एकदा पडले, तेव्हापासून वाडीवाल्यांनी बोलावणं बंद केलं. मांडवाला बोलावणं बंद झालं. पाड्याच्या बैठकीत त्यांनी तोंड उघडलं की लोक विडी पेटवायचे आणि दुसरीकडे बघायचे. दारू माणसाचं लिव्हर खाते हे पोस्टरवर लिहिलेलं असतं. माणसाचा शब्द खाते, हे लिहिलेलं नसतं. सुनंदाला दोन स्थळं आली आणि बांधावर आडव्या पडलेल्या बापाला बघून परत गेली. दुसरं स्थळ गेल्यावर सुनंदाच त्यांना आमच्याकडे घेऊन आली. ती उंबरगावला एका कंपनीत पॅकिंगचं काम करते. सुट्टी टाकून आली होती. मला म्हणाली, "मॅडम, माझं लग्न नाय झालं तरी चालेल. हे उभे झाले पाहिजेत."

आणि ते उभे झाले. पहिला आठवडा वाईट गेला. दारू एकदम सुटली की शरीर बंड करतं, हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. याला विथड्रॉवल म्हणतात. तो काळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावा लागतो, घरी कोंडून नाही. त्यानंतर आमच्या सायकियाट्रिस्ट मॅडमनी त्यांना ती गोळी सुरू केली. तिचं खरं नाव लांबलचक आहे. आमचे पेशंट तिला भांडकुदळ गोळी म्हणतात. नुसती घेतली तर गप्प बसते. वरून दारूचा घोट गेला तर भांडायला उठते. तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी घसरतं, माणूस जिवानिशीही जाऊ शकतो. म्हणून ती पेशंटला सगळं सांगून, त्याच्या मर्जीनेच देतात. काकांना रोज सकाळी काकी स्वतःच्या हाताने ती पाण्यात विरघळवून द्यायच्या आणि ग्लास रिकामा होईपर्यंत समोर उभ्या राहायच्या. पावसाळा गेला, थंडी गेली, काका प्यायले नाहीत. वाडीवाल्यांनी पुन्हा बोलावलं. सुनंदाला तिसरं स्थळ आलं, तलासरीकडचं.

"मग गोळी का बंद करायची?" मी विचारलं.

"मानाचा घोट हाय ना," काका म्हणाले.

आता हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. आमच्याकडे लग्न लावायला भटजी नसतो. धवलेरी असते, म्हणजे लग्नाची गाणी म्हणत लग्न लावणारी बाई. पाड्यापाड्याची रीत थोडी वेगळी, पण आमच्या बाजूला नवरानवरीचे बाप एकाच द्रोणातून ताडी पितात. आधी धार जमिनीवर, देवाला आणि वाडवडलांना. मग अर्धा द्रोण नवऱ्याचा बाप पितो, उरलेला नवरीचा बाप. एवढं झालं की सोयरीक पक्की. कुणी तो घोट नाकारला तर समोरच्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं.

"गोळी आज बंद केली," काका म्हणाले, "तर रविवारपर्यंत निघून जाईल ना अंगातून? एक घोट घेतो आणि सोमवारी परत गोळी."

"नाही जात काका. बंद केल्यावरही ती दोन आठवडे अंगात असते."

"एवढी चिवट?"

"तुमच्यापेक्षा थोडी कमी."

काकी हसल्या. काका नाही हसले.

"मग व्याह्यांना सांगून टाका," मी म्हटलं. "दारू सोडली हे काय वाईट आहे?"

"सोडली म्हटलं की आधी पीत होता हे आलं. व्यसनाच्या दवाखान्यात जातो हे आलं. दोन स्थळं गेली ती बघून गेली, बाय. हे न बघता आलंय. ते येड्याच्या दवाखान्यात आणि या दवाखान्यात फरक नाय करत."

मी मॅडमना फोन लावला. त्या आठवड्यातून एकदा येतात, बाकी दिवस फोनवर.

"किती घ्यायची आहे त्यांना?" मॅडमनी विचारलं.

"एकच घोट. मानाचा."

"मानाचा आहे हे लिव्हरला कसं कळणार?"

"मॅडम, लग्न आहे."

"मग पाणी प्या म्हणावं."

"पाण्यावर सोयरीक होत नाही मॅडम."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

मग मला नीरा सुचली. ताडाचा रस पहाटे उतरवला की गोड असतो, ती नीरा. ऊन चढलं की तोच रस आंबतो, ती ताडी. झाड तेच, मडकं तेच, मधे फक्त ऊन. मडक्याला आतून चुना फासला आणि रस बर्फात ठेवला तर आंबणं लांबतं. दिसायला दोन्ही सारखंच, पांढुरकं. मॅडमना ही कल्पना फारशी आवडली नाही. शेवटी म्हणाल्या, "पहाटेची असेल, चुन्याच्या मडक्यातली असेल, बर्फात असेल, तर ओठ ओला करण्यापुरती. जरा जरी शंका आली तरी नाही. आणि तू तिथे हजर पाहिजेस."

ऑफिसच्या कामासाठी मला लग्नाचं जेवण मिळालं ते तेवढं एकदाच.

काकांचा भाऊबंद ताडावर चढतो. त्याला सांगून पहाटेची नीरा ठरवली. बर्फाचा प्रश्न होता. कासाच्या बाजारात वरोरची एक मासेवाली मावशी बसते, तिच्याकडे थर्माकोलची मोठी पेटी असते. मी मागितली.

"लग्नात मासे आहेत?" मावशीने विचारलं.

"नाही, नीरा ठेवायची आहे."

"माझ्या बोंबलाच्या पेटीत नीरा?" ती इतकी हसली की शेजारच्या भाजीवालीने काय झालं म्हणून विचारलं. पेटी मात्र दिली, बर्फासकट. "धुतलीय चांगली," म्हणाली. धुतली होती. वास काही धुऊन जात नाही.

रविवारी सकाळी मी पेटी घेऊन मांडवात पोचले. मांडव काकांनी स्वतः घातला होता, आंब्याच्या डहाळ्यांनी गच्च, मधल्या खांबाला उंबराची फांदी. पाड्यातले लोक येऊन मांडवाकडे वर बघायचे आणि म्हणायचे, "लहाण्याचाच हात." ते ऐकायला काका खांबाभोवतीच घुटमळत होते. नीरेचा स्टीलचा डबा मी पेटीत ठेवला, वर बर्फ दाबला, घराच्या मागच्या सावलीत पेटी सरकवली. काकींना सांगितलं, "डबा इथून हलवायचा नाही." का, ते मोठ्याने सांगता येईना. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं.

वरात सकाळी यायची होती. नवऱ्याकडचे फोनवर म्हणत होते, "निघालो, निघालो." मग म्हणाले, "चारोटीला पोचतो." मग म्हणाले, "टेम्पो पंक्चर." उन्हं डोक्यावर आली. पोरं नाचून दमली. सुनंदा मुंडावळ्या बांधून आत बसली होती. मी डोकावले तर म्हणाली, "मॅडम, कंपनीची बस कधी लेट नाय होत. वरातीलाही पंचिंग पाहिजे."

वरात आली तेव्हा दुपार कलली होती. वाजंत्री, धूळ, हसणं, मिठ्या. नवऱ्याचे वडील रूपजीभाऊ म्हणजे उंच, मिशाळ, मोठ्या आवाजाचा माणूस. आमच्याकडे व्याह्याला वेवाय म्हणतात, गुजरातची हद्द जवळ म्हणून. "वेवाय!" करून त्यांनी काकांना असं कवटाळलं की काकांची टोपी पडली.

द्रोणाची वेळ झाली. मी डबा आणायला मागे गेले. पेटी होती. बर्फाचं पाणी झालेलं होतं. डबा नव्हता.

"काकी, डबा?"

"तो ना? मी सकाळीच काढला," काकी म्हणाल्या. "मानाची वस्तू बोंबलाच्या पेटीत ठेवतात का बाय? देवाला काय वाटेल? मांडवाच्या खांबाशी ठेवलाय, उंबराजवळ. फूल पण वाहिलंय."

मी मांडवाकडे बघितलं. मधला खांब. डहाळ्या तिथेच विरळ होत्या. डबा सकाळपासून भर उन्हात बसला होता, डोक्यावर जास्वंदीचं फूल घेऊन. आणि धवलेरी डोसी, म्हणजे म्हातारी, तो उघडून द्रोणात ओतत होती.

मी धावले. पण मांडवात माणूस माणसाला चिकटून उभा होता. मी बायकांच्या बाजूला अडकले. डोसीने गाणं धरलं. जमिनीवर धार सोडली. द्रोण रूपजीभाऊंकडे दिला. त्यांनी डोळे मिटून मोठा घोट घेतला, मिशी पुसली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "वा वेवाय! कडक हाय!"

कडक म्हणजे आंबली. नीरेची ताडी झाली.

द्रोण काकांच्या हातात आला. त्यांनी तो तोंडाजवळ नेला. आणि तिथेच थांबवला. इतकी वर्षं प्यायलेल्या माणसाच्या नाकाला तपासणी शिकवावी लागत नाही. त्यांनी मान वळवून मला शोधलं. मी मान हलवली. नाही.

माझ्या शेजारच्या बायका कुजबुजल्या, "थांबला का?" काकांच्या मागे उभा असलेला पुतण्या हळूच म्हणाला, "काका, नुसतं ओठाला लावा. कोण बघतंय?"

सगळेच बघत होते. सोंग करता आलं असतं. हात हलल्याचं दाखवून द्रोण सांडता आला असता. मी मनात तेच म्हणत होते, सांडा, सांडा. काकांनी द्रोण खाली केला आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत, खांबाशी जमिनीवर ओतला.

गाणं थांबलं.

"वेवाय," काका म्हणाले, "मी पीत नाय. सोडली. आधी लय प्यायचो, पाड्याला विचार. कासाच्या बाजूला दवाखाना हाय, तिथली गोळी घेतो. गोळीवर हा घोट घेतला तर पोरीच्या मांडवातून मला उचलून न्यायला लागेल. तुमचा मान वाडवडलांना दिला. आता राग धरायचा तर माझ्यावर धर. पोरीवर नको."

नवऱ्याचा मामा पुढे झाला. "म्हणजे बेवडा होता! आम्हाला सांगितलं का नाय?"

"सांगितलं असतं तर आला असता?" काकांनी विचारलं.

मामा रूपजीभाऊंकडे बघायला लागला. पण रूपजीभाऊंचा चेहरा उतरला होता. "घोट मातीत गेला," ते हळू म्हणाले. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाचा हळू आवाज ऐकून मला जास्त भीती वाटली. "मी अर्धा प्यालो. अर्धा मातीत. मग सोयरीक कशी झाली? अर्धीच झाली."

आतून सुनंदाचा आवाज आला. मुंडावळ्या बाजूला करून ती दारात उभी होती. "बाबांनी घोट घेतला तर मी लग्नाला उभी राहणार नाय. अर्धी सोयरीक मला चालेल."

"तू गप, नवरी बोलते का कधी?" एक आजी म्हणाली.

"ही बोलते," नवरदेव म्हणाला. तो आत्तापर्यंत खांबासारखा उभा होता. त्याचं ते पहिलं वाक्य. मांडवात कुणीतरी खुसकन हसलं.

आणि मग नवऱ्याकडच्या बायकांची रांग फाडून विहीणबाई, मंजुळाबाई, पुढे आल्या. मला वाटलं, संपलं. त्या थेट काकांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वेवाय, कुठली गोळी? कुठं भेटते?"

"मंजुळे," रूपजीभाऊ म्हणाले.

"काय मंजुळे? यांना विचारते ना. किती दिवस घ्यायची? कडू असते का? न सांगता भाजीत टाकता येते का?"

"न सांगता देत नाहीत!" मी बायकांतून ओरडले. काउन्सेलर म्हणून मला राहवलं नाही. सगळा मांडव माझ्याकडे वळला.

"ही कोण?"

"ती गोळीवाली बाय," काका म्हणाले.

आता मात्र हसण्याचा असा लोट उसळला की वाजंत्रीवाल्याने उगाचच डफ वाजवला. मामासुद्धा हसला. रूपजीभाऊ बायकोकडे बघत होते, काकांकडे बघत होते, रिकाम्या द्रोणाकडे बघत होते. त्यांची मिशी एका बाजूने हलायला लागली.

"डोसी," त्यांनी धवलेरीला विचारलं, "देवाची धार पडली ना?"

"पडली. जरा जास्तच पडली. देव खूश असेल. माणसांचं तुम्ही बघा, मला पुढचं गाणं म्हणायचंय."

"मग पाणी आणा," रूपजीभाऊ म्हणाले. "नवा द्रोण आणा. वेवाय जे पिईल ते मी पिईन. एका द्रोणातलं, आधी मी, मग तो. सोयरीक पुरी झाली पाहिजे."

"पाण्यावर?" मामाने विचारलं.

"तुला ताडी पाहिजे तर मागे जाऊन पी. लग्न माझ्या पोराचं हाय."

काकी पाणी घेऊन आल्या. रूपजीभाऊ अर्धा द्रोण पाणी प्यायले आणि त्यांना ठसका लागला. "सवय नाय," ते म्हणाले. उरलेलं काका प्यायले. डोसीने गाणं जिथे तुटलं होतं तिथूनच उचललं. लग्न लागलं. मी इतक्या लग्नांत नाचले आहे, पण त्या दिवशीसारखी नाही. काकी नाचल्या, मंजुळाबाई नाचल्या, वरोरच्या मावशीची पेटी पोरांनी ढोल म्हणून बडवली. पेटी फुटली. मला दुसरी घेऊन द्यावी लागली.

सोमवारी मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी सुरुवातीलाच पाणी म्हटलं होतं."

"हो मॅडम," मी म्हटलं. बॉसला दुसरं काय म्हणणार?

गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही, थोडी पुढे आहे. काही आठवड्यांनी मंजुळाबाई रूपजीभाऊंना घेऊन आमच्या ओपीडीत आल्या. ओपीडी म्हणजे दाखल न होता दाखवून जायची वेळ. रूपजीभाऊ दारातच म्हणाले, "मी पेशंट नाय. वेवायाला भेटायला आलोय." काका त्या दिवशी होतेच. दोघे बाकावर शेजारी बसले आणि मांडव, पाऊस, चिकू अशा गप्पा मारत राहिले. तीन वेळा असंच झालं. चौथ्या वेळी रूपजीभाऊ माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले. नंतर त्यांचा पाय एकदा घसरला. याला रिलॅप्स म्हणतात, म्हणजे सोडलेली पुन्हा सुरू होणं. तो आजाराचाच भाग आहे, नापास होणं नाही. त्यांना परत आणलं ते काकांनी, एसटीने तलासरीला जाऊन. माझ्या सांगण्याने आले नसते. व्याह्याचा शब्द मोडता येत नाही.

हे लिहायला मी सगळ्यांची परवानगी घेतली आणि नावं बदलली. काका म्हणाले, "माझं नाव खरं टाक, लोकांना कळू दे." तरी बदललं. नियम आहे.

या प्रकरणातून मी एक गोष्ट शिकले, ती एमएसडब्ल्यूच्या कुठल्याच पेपरला नव्हती. नवा पेशंट आला की आम्ही विचारतो, किती पितो, कधीपासून, सोबत कोण असतं. आता मी पहिल्याच भेटीत आणखी एक विचारते: तुमच्या घरी पुढचं लग्न कुणाचं? पेशंट गोंधळतो. बायको मात्र लगेच सांगते, तारखेसकट. मग आम्ही दारूचं बाजूला ठेवून आधी लग्नाचं बोलतो. द्रोण हातात आल्यावर काय म्हणायचं, ते वाक्य माणसाला मांडवात सुचत नाही. ते आधीच, इथे बसून, चार वेळा मोठ्याने म्हणून घ्यावं लागतं.